फुकट आत आलेल्या दोन हजार जणी

इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेशर भागात प्रेस्टन नावाचं गिरणगाव आहे. तिथल्या प्रेस्टन नॉर्थ एंड या फुटबॉल क्लबात सुरुवातीच्या काळात बायकांना तिकीट नव्हतं. पुरुषांनी फाटकावर पैसे मोजायचे, बायकांनी तसंच आत जायचं. १८८५ साली क्लबाने ही सवलत बंद केली. एका सामन्याला सुमारे २,००० बायका हजर झाल्या आणि बुडालेल्या पैशांचा आकडा क्लबाच्या डोळ्यांवर आला.

फुटबॉलच्या इतिहासातली ही छोटी नोंद मला फार मोलाची वाटते. इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ मध्ये. म्हणजे लीगच्याही तीन वर्षं आधी, एका गिरणगावात, एकाच दिवशी दोन हजार बायका सामना बघायला घराबाहेर पडल्या होत्या. तरीही त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक पिढीने तेच वाक्य नव्याने उच्चारलं: ‘हल्ली बायकासुद्धा फुटबॉल बघायला यायला लागल्यात.’ बाई मैदानावर पहिल्यापासून होती. तिला पुन्हा पुन्हा पाहुणी ठरवलं गेलं, आणि दर वेळी ठरवण्याची रीत वेगळी होती. ती रीत कशी बदलत गेली, हे इथे उलगडून सांगायचं आहे.

मुळात ही सवलत होती कशासाठी? क्लबचालकांचा अंदाज असा, की आसपास बायका असल्या की पुरुष तोंड सांभाळतील, मारामाऱ्या कमी होतील, आणि खेळाला जरा प्रतिष्ठा येईल. म्हणजे बाईला आत घेतलं ते तिच्यामुळे दुसऱ्यांवर होणाऱ्या परिणामासाठी. तिला सामना बघायला आवडतो का, हा प्रश्न त्या हिशोबात नव्हताच. प्रेस्टनच्या दोन हजार जणींनी त्याचं उत्तर न विचारता दिलं. ‘बाई आली की पुरुष नीट वागतो’ ही समजूत मात्र लक्षात ठेवा. ती पुढच्या सव्वाशे वर्षांत वेश बदलून परत परत भेटते.

शनिवारची दुपार कुणाची?

आता साहजिक प्रश्न येतो, की इतक्या सुरुवातीला बायका येत होत्या, तर पुढे मैदान पुरुषांचं कसं झालं? याचं उत्तर खेळापेक्षा आठवड्याच्या वेळापत्रकात जास्त सापडतं.

१८५० साली ब्रिटनमध्ये कारखान्यांचा एक कायदा झाला. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका आणि अल्पवयीन मुलं यांचे तास त्याने बांधून दिले आणि शनिवारी दुपारी दोननंतर त्यांना कामाला लावायला बंदी केली. प्रौढ पुरुषांसाठी त्यात काही नव्हतं. पण गिरणीत बायका-मुलांशिवाय यंत्रं चालत नसत, त्यामुळे त्या सुटल्या की सगळी गिरणीच बंद व्हायची. अशा रीतीने शनिवारची दुपार पुरुषांनाही मोकळी मिळाली. इंग्लिश फुटबॉलचा सामना शनिवारी तीन वाजता सुरू व्हायचा, त्या परंपरेचं मूळ या अर्ध्या सुट्टीत आहे.

ज्या कायद्याने ही दुपार मोकळी केली तो बायकांच्या नावाने झाला होता. पण गिरणीतून सुटलेल्या बाईची शनिवारची दुपार मोकळी नव्हती. आठवड्याचं धुणं, बाजार, रविवारच्या जेवणाची तयारी, पोरांच्या आंघोळी. लग्नाआधी सामन्याला जाणारी मुलगी लग्नानंतर दिसेनाशी व्हायची, ती बहुतेक वेळा या कामांच्या ढिगाखाली. तिची आवड संपली असं मात्र बाकीच्यांनी गृहीत धरलं. ‘बायकांना फुटबॉलमध्ये रस नसतो’ या वाक्याचा पाया बऱ्याच अंशी हा आहे: वेळ नसण्याला रस नसणं म्हटलं गेलं.

दुसरं कारण क्लबांच्या जन्मात आहे. वेस्ट हॅम हा थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणीच्या कारखान्यातून निघालेला क्लब. आर्सेनल वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी १८८६ मध्ये काढला. एव्हर्टनची सुरुवात चर्चच्या संघातून झाली. कारखान्याचं फाटक, गुत्ता, चर्चमधला तरुणांचा गट अशा पुरुषांच्या बैठकीतून क्लब जन्माला आले आणि त्या बैठकीची वहिवाट क्लबात उतरली. आपल्याकडे कोल्हापूरचं उदाहरण आहे. तिथल्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. तालीम म्हणजे पेठेतल्या पुरुषांची जागा. पाठीराखेपण तिथे वडिलांकडून मुलाकडे, पेठेच्या नावासकट जातं. त्या घरातली मुलगीही त्याच संघावर जीव टाकते, पण तिला ते नातं कुणी सोपवत नाही. ते तिचं तिने मिळवायचं असतं.

पन्नास वर्षांची बंदी

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागलेल्या मुली फुटबॉल खेळू लागल्या. त्यातला सगळ्यात गाजलेला संघ प्रेस्टनचाच होता, डिक कर लेडीज. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३,००० प्रेक्षक आले होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना बायकांच्या सामन्यांसाठी मैदान द्यायला मनाई केली. फुटबॉल हा खेळ स्त्रियांसाठी अगदी अयोग्य आहे आणि त्याला उत्तेजन देऊ नये, असं ठरावात म्हटलं होतं. ही बंदी सुमारे पन्नास वर्षं टिकली.

बंदी खेळणाऱ्यांवर होती, बघणाऱ्यांवर नव्हती. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या मुलीने शाळेत कधी चेंडूला पाय लावला नाही, कारण लावू दिला नाही, तिला पुढे स्टँडमध्ये कुणीतरी सांगणार की ‘तू कुठे खेळली आहेस? तुला काय कळणार?’ आधी शिकण्याची वाट बंद करायची आणि मग अडाणी म्हणायचं, हा अन्याय दुहेरी आहे. पश्चिम जर्मनीतही १९५५ ते १९७० बायकांच्या फुटबॉलवर बंदी होती. ब्राझीलमध्ये १९४१ च्या सरकारी हुकुमाने स्त्रियांच्या ‘प्रकृतीशी विसंगत’ खेळांना मनाई केली आणि ती १९७९ पर्यंत चालली.

ब्राझीलचा विषय निघालाच आहे तर तिथल्या एका शब्दाकडे बघू. संघाच्या पाठीराख्याला तिथे ‘तोर्सेदोर’ म्हणतात आणि पाठीराख्यांच्या समुदायाला ‘तोर्सिदा’. मूळ क्रियापद ‘तोर्सेर’, म्हणजे पिळणं. या शब्दामागची गोष्ट अशी सांगतात, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओमधल्या सामन्यांना नटूनथटून येणाऱ्या बायका सामना रंगात आला की जिवाच्या आकांताने हातातले रुमाल आणि हातमोजे पिळत बसायच्या. त्या पिळण्यावरून नाव पडलं. आज ब्राझीलमधला कुठलाही पुरुष ‘मी अमक्या क्लबाचा तोर्सेदोर’ असं छाती फुगवून सांगतो तेव्हा या गोष्टीप्रमाणे तो त्या बायकांच्याच हातातला शब्द उचलत असतो. रिओच्याच वास्को द गामा क्लबाच्या संघटित पाठीराख्यांचं नेतृत्व १९५० च्या दशकात दुल्से रोझालिना या बाईने केलं होतं, तेही देशात बायकांना फुटबॉल खेळायला बंदी असताना.

पायऱ्यांवरची दाटी

इंग्लंडमध्ये १९६० ते १९८० च्या दशकांत चित्र सगळ्यात काळवंडलं. त्या वेळच्या मैदानांत बहुतेक प्रेक्षक उभ्याने सामना बघत. गोलपोस्टच्या मागे सिमेंटच्या रुंद पायऱ्या असत, त्यांना टेरेस म्हणत. तिथे खुर्ची नाही, ठरलेली जागा नाही. गोल झाला की अख्खी गर्दी लाटेसारखी खाली यायची. लिव्हरपूलच्या ‘कॉप’ नावाच्या टेरेसवर तर इतकी दाटी असायची की पुरुष जागच्या जागीच लघवी करत. बायकांसाठी स्वच्छतागृहं अनेक मैदानांत नावालाच होती.

स्वच्छतागृहाचा मुद्दा किरकोळ वाटू शकतो, पण मला तो मध्यवर्ती वाटतो. इमारत कुणासाठी बांधली आहे, हे तिच्या नकाशावरून कळतं. एसटी स्टँडवर, कचेरीत, शाळेत आपल्या बायकांनी हे पुरेपूर भोगलं आहे. दिवसभर पाणी न पिता घराबाहेर राहायची सवय ज्यांना आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाईसाठी शौचालय नाही याचा अर्थ तिथे ‘येऊ नका’ अशी पाटी लावायची गरजच उरत नाही.

त्यात हुल्लडबाजीचा काळ. रेल्वेच्या डब्यांत तोडफोड, रस्त्यावर मारामाऱ्या, टेरेसवर सुरे. बाई दिसली की तिने अंगावरचे कपडे काढावेत अशी मागणी करणारं गाणं शेकडो पुरुष एका सुरात म्हणायचे. ते इतकं नेहमीचं झालं होतं की ‘गंमत आहे, मनावर घेऊ नको’ असं त्या मुलीलाच सांगितलं जाई. १९८५ मध्ये ‘संडे टाइम्स’ने फुटबॉलला झोपडपट्टीतला, झोपडपट्टीसारख्या मैदानांत, झोपडपट्टीतल्या लोकांनी बघायचा खेळ म्हटलं होतं. त्या शब्दांत गरिबांविषयीची तुच्छता ठासून भरलेली आहे. आणि त्या गर्दीत बाईही उभी असेल, असं त्या लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसावं.

पण ती होती. २ जानेवारी १९७१ रोजी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात, रेंजर्स आणि सेल्टिक यांच्या सामन्याच्या शेवटी, बाहेर पडण्याच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ जण गेले. त्यांत एकच स्त्री होती, १८ वर्षांची. रेंजर्सचा कॉलिन स्टीन हा तिचा आवडता खेळाडू. त्याला मुलगी झाली म्हणून नाताळच्या सुमारास तिने स्वतःच्या हाताने बाहुली करून त्याच्या घरी नेऊन दिली होती. त्या दिवशी सामना संपता संपता बरोबरीचा गोल केला तोही स्टीननेच. त्या काळात पाठीराखी कशी होती असं कुणी विचारलं, तर मला आधी ही मुलगी आठवते.

मैदानात बाईला मान्य असलेल्या भूमिका होत्या, पण त्या शोभेच्या. एव्हर्टनमध्ये सामन्याआधी जुन्या पद्धतीच्या पोशाखातली मुलगी मैदानाच्या कडेने फिरत प्रेक्षकांत गोळ्या-टॉफी उधळते. ही परंपरा गोड आहे, मला तिच्याविषयी तक्रार नाही. फक्त एवढंच, की टॉफी देणारी मुलगी सगळ्यांना हवी होती आणि तिच्या शेजारी उभी राहून पंचावर ओरडणारी बाई कुणाला नको होती. मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानात हेलन टर्नर वर्षानुवर्षं मोठी घंटा वाजवायच्या, सामन्याआधी गोलकीपर जो कॉरिगनला शुभशकुन म्हणून हेदरच्या फुलांची काडी द्यायच्या. त्या सगळ्या शहराला माहीत होत्या. अशा बायकांवर लोकांनी जीव लावला, यात शंका नाही, पण अपवाद म्हणून, एक ‘वल्ली’ म्हणून.

१५ एप्रिल १९८९ ची हिल्सबरोची दुर्घटना आयब्रॉक्सहून मोठी. शेफील्डच्या त्या मैदानात पोलिसांच्या चुकीच्या नियंत्रणामुळे लिव्हरपूलचे पाठीराखे कुंपणात चिरडले गेले. एकूण ९७ जण दगावले. त्यांत सात स्त्रिया आणि मुली होत्या. दोघी सख्ख्या बहिणी होत्या, एक १९ वर्षांची, एक १५ वर्षांची, आईवडिलांबरोबर सामन्याला आलेल्या. चारच दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर दारूड्या, खिसेकापू पाठीराख्यांची खोटी गोष्ट छापली. खोटेपणा उघडा पाडण्याचा लढा सत्तावीस वर्षं चालला आणि २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा हत्या असल्याचा निर्णय दिला. या लढ्यात ॲन विल्यम्स, मार्गारेट ॲस्पिनॉल यांच्यासारख्या बायका सर्वांत पुढे होत्या. त्या जगाला मुलांसाठी लढणाऱ्या आया म्हणून दिसल्या. त्या आया होत्याच. त्याच वेळी, पाठीराख्यांच्या अख्ख्या समुदायावरचा कलंक पुसणाऱ्यांमध्ये त्या आघाडीवर होत्या, ही गोष्ट मला तितकीच मोठी वाटते.

खुर्च्या आल्या, आणि दोष बाईवर आला

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. वरच्या दोन श्रेणींतल्या मैदानांत १९९४ पर्यंत सगळीकडे खुर्च्या बसवायच्या ठरल्या. १९९० च्याच उन्हाळ्यात इटलीतल्या वर्ल्ड कपच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडचा पॉल गॅसकॉइन रडला आणि ते अश्रू घरोघरी दिसले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली. टीव्हीचा पैसा आला, तिकिटं महागली, मैदानं उजळली.

आणि एक नवी तक्रार सुरू झाली. फुटबॉल मवाळ झाला, टेरेसचा आवाज गेला, गरीब माणूस बाहेर फेकला गेला. या तक्रारीतला शेवटचा भाग खरा आहे आणि दुखरा आहे. पण ती सांगताना बोट बायकांकडे वळलं: ‘आता कुटुंबं यायला लागली ना! गॅसकॉइनचे अश्रू बघून आलेल्या या.’ खुर्च्या बसल्या त्या माणसं चिरडून मेली म्हणून. तिकिटांचे दर क्लबांच्या मालकांनी वाढवले. यांतला एकही निर्णय बायकांनी मागितलेला नव्हता. तरी जुन्या मैदानाच्या आठवणीने हळहळणाऱ्याला समोर दिसत होती ती शेजारच्या खुर्चीवरची बाई. आधीच्या पिढीत ती इथे शोभत नव्हती, आता तिच्यामुळे खेळ बिघडला होता.

ती नवी होती हे गृहीतक तरी खरं होतं का? डरहॅम विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ स्टेसी पोप यांनी लेस्टर सिटीच्या वेगवेगळ्या वयाच्या पाठीराख्या बायकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. फुटबॉल म्हणजे आपल्या आयुष्याचा गाभा आहे, असं सांगणाऱ्या बायका त्यांत होत्या. आणि स्वीकार मिळावा म्हणून बायकीपण बाजूला ठेवणाऱ्याही होत्या, ‘मी त्या तसल्या मुलींपैकी नाही’ असं सांगणाऱ्या. मला हे सगळ्यात जास्त बोचतं. आपली जागा टिकवायला आपल्याच जातीच्या दुसऱ्या कुणाला तरी खोटं ठरवावं लागतं.

‘ऑफसाइड सांग बघू’

पुरुषाचं पाठीराखेपण जन्मतः मान्य असतं, बाईला त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेतला ठरलेला प्रश्न म्हणजे ऑफसाइड. तो नियम असा: आपल्या साथीदाराने चेंडू मारला त्या क्षणी, तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्याही पुढे असाल, आणि तुमच्या व गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान दोन खेळाडू नसतील, तर तुम्ही ऑफसाइड. त्यांतला एक बहुधा गोलकीपर असतो. १९२५ पर्यंत दोनच्या जागी तीन खेळाडू लागत. १९९० पासून शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीला असलेला ऑफसाइड धरत नाहीत. दोन मिनिटांत कळणारी गोष्ट आहे. जिच्यावरून पुरुष आपापसात शंभर वर्षं भांडत आले, तीच गोष्ट बाईच्या लायकीची मोजपट्टी झाली.

हा प्रश्न मलाही विचारला गेला. १९९८ च्या वर्ल्ड कपात क्रोएशियाने जर्मनीला ३-० हरवलं तेव्हा मी शेजाऱ्यांच्या घरी सामना बघत होते. माझा जीव दावोर शूकरवर. तसं म्हटल्यावर घरातल्या एका काकांनी प्रेमाने विचारलं, ‘दिसायला आवडतो का गं?’ आणि मग ऑफसाइड. मी बरोबर सांगितलं, त्यांनी शाबासकी दिली. शेजारी बसलेल्या माझ्या भावाला कुणी काही विचारलं नाही. त्या स्पर्धेत शूकरने सहा गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. मी त्यातला एकेक गोल तोंडपाठ सांगू शकले असते, पण तो प्रश्न कुणाच्या मनातच नव्हता.

२२ जानेवारी २०११ रोजी हेच सगळ्या इंग्लंडसमोर घडलं. वुल्व्हज विरुद्ध लिव्हरपूल सामन्यात सियान मॅसी सहायक पंच होत्या. माइक बंद आहे असं समजून स्काय स्पोर्ट्स या टीव्ही वाहिनीचे अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज बोलत होते, की बाईला ऑफसाइड कळत नसणार, कुणीतरी खाली जाऊन तिला समजावून सांगा. सामन्यात लिव्हरपूलच्या एका गोलाआधी अगदी निसटता निर्णय द्यायची वेळ आली. मॅसींनी झेंडा खाली ठेवला आणि तो निर्णय अचूक होता. काही दिवसांत ग्रे यांची नोकरी गेली आणि कीज यांनी राजीनामा दिला. या घटनेत मॅसी पंच होत्या, प्रेक्षक नव्हत्या. पण तो प्रश्न ऐकल्यावर स्टँडमधल्या हजारो बायकांनी तो ओळखला.

कॅमेऱ्यानेही आपला वाटा उचलला. सामना थांबला की गर्दीतली सुंदर तरुणी शोधायची ही प्रक्षेपणाची जुनी खोड. २०१८ च्या रशियातल्या वर्ल्ड कपात ‘सर्वांत आकर्षक पाठीराख्या’ अशी छायाचित्रमालिका गेटी इमेजेस या छायाचित्रसंस्थेने टाकली आणि टीकेनंतर काढून घेतली. त्याच स्पर्धेत अशी दृश्यं कमी करा असं फिफाला प्रक्षेपकांना सांगावं लागलं. साठीच्या, चष्मा लावलेल्या, तीस वर्षं सीझन तिकीट काढणाऱ्या बाईवर कॅमेरा थांबत नाही, म्हणून ती घरी बसून बघणाऱ्याला कधी दिसतच नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोममध्ये लाझिओ क्लबाच्या कट्टर पाठीराख्यांनी पत्रक वाटलं. त्यांच्या स्टँडच्या पहिल्या दहा रांगा म्हणजे पवित्र जागा, खंदकासारखी, तिथे बायका, पत्नी, मैत्रिणी नकोत. यात कुणी दारावर अडवत नव्हतं. दहाव्या रांगेच्या मागे बसा, एवढंच म्हणणं होतं. पाहुणीला बसायला दिलेली जागा.

आणि तुर्कस्तानात नेमकं उलट टोक. २० सप्टेंबर २०११ रोजी इस्तंबूलच्या फेनरबाचे क्लबाला हुल्लडबाजीची शिक्षा झाली होती, सामना रिकाम्या मैदानात खेळायचा. ती बदलून ठरलं की फक्त बायका आणि बारा वर्षांखालची मुलं येतील. ४१,००० हून जास्त आल्या. गाणी म्हटली, आरोळ्या ठोकल्या, खेळाडूंनी स्टँडमध्ये फुलं उधळली. जगभर कौतुक झालं. मलाही ती छायाचित्रं बघून भरून आलं होतं. पण त्या शिक्षेचा अर्थ नीट बघा: प्रेक्षक नसण्याच्या जागी बायका चालतात. प्रेस्टनच्या फाटकावरची तीच जुनी समजूत, की या आल्या तर गडबड होणार नाही.

आझादी नावाचं मैदान

इंग्लंडमध्ये बाईला बाहेर ठेवणारा कायदा कधीच नव्हता, वहिवाटीने काम भागलं. इराणमध्ये ते राज्यसत्तेने केलं. १९७९ च्या क्रांतीपूर्वी तिथल्या बायका फुटबॉल बघायला मैदानात जात. क्रांतीनंतर थोड्याच काळात त्यांना पुरुषांच्या सामन्यांना प्रवेश बंद झाला. तेहरानच्या सर्वांत मोठ्या मैदानाचं नाव आहे आझादी, म्हणजे स्वातंत्र्य. बंदीचं समर्थन करताना सांगितलं जाई, की मैदानातली भाषा घाणेरडी असते, वातावरण बायकांच्या लायक नाही. इंग्लंडमध्ये शिवीगाळ थांबावी म्हणून बाईला बोलावलं होतं, इथे शिवीगाळ होते म्हणून तिला थांबवलं. दोन्हीकडे पुरुषाच्या तोंडाची जबाबदारी बाईवर.

नोव्हेंबर १९९७ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाशी २-२ बरोबरी करून इराणने वर्ल्ड कप गाठला. संघ परतला तेव्हा आझादीत स्वागत होतं. बायकांनी घरी टीव्हीवर बघावं असं सांगितलेलं असताना हजारो जणी फाटकाशी जमल्या आणि रेटा देऊन आत शिरल्या. पुढे कितीतरी मुली दाढी-मिशा लावून, केस टोपीत कोंबून, मुलाच्या वेशात सामन्याला गेल्या. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी बायकांना प्रवेश देण्याची घोषणा केली, पण धर्मगुरूंच्या विरोधानंतर ती रद्द झाली.

मार्च २०१९ मध्ये सहर खोदायारी ही २९ वर्षांची तरुणी एस्तेगलाल या आपल्या लाडक्या संघाचा सामना बघायला पुरुषी वेशात निघाली आणि पकडली गेली. एस्तेगलालचा रंग निळा. सप्टेंबरमध्ये, सहा महिन्यांची कैद होऊ शकते असं कानावर आल्यावर, तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं. ९ सप्टेंबरला ती गेली. जगाने तिला ‘निळी मुलगी’ म्हणून ओळखलं. एका सामन्याचं तिकीट, एवढीच तिची मागणी होती.

महिन्याभरात, १० ऑक्टोबर २०१९ रोजी, फिफाच्या दबावाखाली वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यासाठी आझादीत बायकांना तिकिटं विकली गेली. सामना कंबोडियाशी होता, इराणने १४-० असा जिंकला. बायकांसाठी साडेतीन-चार हजार जागा ठेवल्या होत्या, कुंपण घातलेल्या वेगळ्या भागात. त्यांची तिकिटं हातोहात संपली. पाऊण लाखाच्या आसपास प्रेक्षक मावणाऱ्या मैदानात पुरुषांचे स्टँड बहुतांशी ओस होते. बायकांचा तो कोपरा मात्र खचाखच भरला होता. त्यांतल्या अनेक जणी आयुष्यात पहिल्यांदा हिरवळ प्रत्यक्ष बघत होत्या. काही जणींना रडू आवरत नव्हतं.